समुद्राआधी झोप पुरी करा

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की नाशिकची दोन-चार कुटुंबे मिळून गाडी ठरवतात आणि अलिबाग, काशीद, मुरूडकडे निघतात. खोल्या, जेवण, वर्गणी यांचा हिशेब महिनाभर आधी होतो. आरोग्याची आठवण मात्र कसारा घाटात कोणाला तरी उलटी झाली म्हणजे येते.

पहिला प्रश्न निघण्याच्या वेळेचा. 'रात्री निघू, सकाळी समुद्रावर, एक दिवस वाचेल' असा बेत अनेकजण करतात. पहाटे २ ते ६ या वेळात शरीर आपोआपच झोपेकडे झुकते. चहाने किंवा मोठ्याने लावलेल्या गाण्यांनी ती झोप भागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात चालकाला तीन सेकंदांची डुलकी लागली, तरी गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून रात्रभर झोपून उजाडताना निघावे व दर दोन तासांनी थांबावे. भाड्याची गाडी असल्यास चालकाच्या झोपण्याची सोयही आपणच पाहावी.

गाडी का लागते? कानाच्या आतील भागाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते. दोघांचा मेळ बसत नाही व मळमळ सुरू होते. अशा व्यक्तीने पुढे बसावे, लांबवर पाहावे, वाचन टाळावे, हलके खावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. या गोळीने झोप येते, म्हणून चालकाने ती घेऊ नये.

मधुमेह, रक्तदाब, दमा असणाऱ्यांनी दोन दिवसांची जादा औषधे हाताशी ठेवावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या कोरड्या हवेपेक्षा थकवा लवकर येतो. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचाच घ्यावा.

आता समुद्र. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. गोदावरीत किंवा विहिरीत पोहता येणे समुद्रात पुरेसे नसते. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. त्यानंतर जवळजवळ सहा तास ओहोटी असते. त्या वेळी पाण्यात उतरू नये. गावातल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय तर कधीच नाही. जागरणाने थकलेल्या किंवा मद्य घेतलेल्या माणसाने काठावरच बसावे. पाणी ओढू लागल्यास त्याच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर यावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी उडी न मारता दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी व मदतीला माणसे बोलवावीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

वर्गणीच्या वहीतच एक पान आरोग्यासाठी ठेवा. कोणाला कोणता आजार, कोणती औषधे, मुलांवर लक्ष कोणाचे आणि चालक किती तास झोपला, हे त्यावर लिहा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर निघणे चार तास पुढे ढकला. समुद्र तिथेच असतो.