लहानसा कॅमेरा

डोळ्यांपुढून गेलेला क्षण पुन्हा येत नाही. परंतु त्याची खूण जपून ठेवावी, ही इच्छा मनुष्याच्या ठायी फार पुरातन आहे. पूर्वी चित्रकाराकडून तसबीर काढवून घेणे राजेरजवाड्यांनाच परवडे. सामान्य माणसाचा चेहरा त्याच्याबरोबरच लोपून जाई. ही उणीव छायाचित्रणाने भरून काढली.

इ. स. १८३९ मध्ये लुई दागेर याची छायाचित्रणाची रीत पॅरिस येथे जगापुढे आली. तथापि तिची साधने अवजड होती आणि रसायने हाताळण्याचे कौशल्यही लागे. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये ‘कोडॅक’ नावाचा सुटसुटीत कॅमेरा विकावयास काढला. त्याची किंमत २५ डॉलर होती. पुढे १९०० मध्ये त्याच्याच कंपनीने ‘ब्राउनी’ नावाची साधी पेटी अवघ्या १ डॉलरला बाजारात आणली. ती मुलांनाही सहज वापरता येई. छायाचित्रण श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सामान्यांच्या अंगणात उतरले, त्यात या स्वस्त पेटीचा वाटा मोठा आहे.

आजचा लहानसा डिजिटल कॅमेरा हा त्याच पेटीचा वंशज होय. मात्र त्यात फिल्म नसते. भिंगातून आलेला प्रकाश सिलिकॉनच्या एका इवल्याशा पट्टीवर पडतो. स्वस्त कॅमेऱ्यात ही पट्टी करंगळीच्या नखाहूनही लहान असते. तरी तिच्यावर कोट्यवधी बिंदू मावतात. प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्भार साठवितो. तो भार मोजून त्याचे आकडे होतात आणि त्या आकड्यांतून चित्र उभे राहते. अशा प्रकारचा हाती धरता येणारा पहिला कॅमेरा स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमांहून अधिक होते. चित्रात केवळ १०,००० बिंदू असत आणि एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज त्याहून कितीतरी सरस यंत्र सदऱ्याच्या खिशात बसते!

मुलांनो, तुम्ही म्हणाल, “फोनमध्ये कॅमेरा असताना हा निराळा कशाला?” शंका रास्त आहे. मंद प्रकाशात पुष्कळदा फोनच अधिक चांगले चित्र काढतो, आणि म्हणूनच लहान कॅमेऱ्यांची विक्री पूर्वीपेक्षा फार घटली आहे. परंतु कॅमेऱ्याला एकच काम ठाऊक असते. तो वाजत नाही, निरोप आणीत नाही, खेळ दाखवीत नाही. तो हाती असला, म्हणजे समोरच्या वस्तूकडे पाहणे एवढेच काम उरते. शिवाय कोणाकडून जुना मिळाला, तर त्याच्यावर फारसा खर्चही होत नाही.

त्याचा उपयोग करताना थोडी शिस्त मात्र हवी. कळ प्रथम अर्धवट दाबावी, म्हणजे भिंग नेमके जुळते; मग ती हळुवारपणे पूर्ण दाबावी. कोपरे अंगाशी धरावीत, म्हणजे हात हलत नाही. दूरची वस्तू मोठी दिसावी म्हणून कॅमेऱ्यावर विसंबण्यापूर्वी चार पावले पुढे जाता येते का, ते पाहावे. सकाळचे कोवळे ऊन हे गरिबातल्या गरीब कॅमेऱ्यालाही उपकारक ठरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्याची अनुमती आधी घ्यावी.

छायाचित्र घेऊन मात्र काम संपत नाही. एका शाळेच्या कार्यालयात भिंतीवर एक जुने छायाचित्र टांगलेले आहे. तीन रांगांत मुले ताठ बसली आहेत. मध्यभागी पगडी घातलेले गुरुजी आहेत. एकदा एक वृद्ध गृहस्थ तेथे आले. त्यांचे वडील याच शाळेत शिकले होते आणि लहानपणचा त्यांचा चेहरा पाहावा, अशी त्यांची फार इच्छा होती. तसबीर खाली उतरवून पाहिली. परंतु मागे एकही नाव लिहिलेले नव्हते. ते गृहस्थ बराच वेळ एकेका मुखावरून बोट फिरवीत राहिले. वडील त्या रांगांत असतीलही. पण कोणते, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

आज आपण एका दिवसात शंभर छायाचित्रे घेतो. त्यांचीही गत अशीच होऊ शकते. म्हणून महिन्यातून एकदा निवडक दहा चित्रे कागदावर छापून घ्यावीत. प्रत्येकामागे नाव, गाव आणि दिनांक लिहावा. मेमरी कार्ड बिघडते, म्हणून सर्व चित्रांची दुसरी प्रत संगणकावर ठेवावी.

आणि चित्रे कोणाची घ्यावीत? केवळ सहलींची व समारंभांची नव्हेत. भाकरी थापणारे आजीचे हात, कोपऱ्यावरचा चांभारदादा, पाडावयास काढलेला जुना वाडा, ओसरीवर पेंगणारे मांजर, ही आज नित्याची वाटतात. नित्याचे असते, तेच नकळत नाहीसे होते. कॅमेरा स्वस्त असो वा महाग, तो दुकानात विकला जातो. पाहणारी दृष्टी मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.

स्वाध्याय
१. ‘ब्राउनी’ कॅमेऱ्यामुळे छायाचित्रणात कोणता पालट झाला?
२. वृद्ध गृहस्थांना वडिलांचा चेहरा का ओळखता आला नाही?
३. तुमच्या परिसरातील लवकरच नाहीशा होतील अशा पाच गोष्टींची यादी करा आणि त्यांतील एकीविषयी दहा ओळी लिहा.