मापात तडजोड कर, पाहण्यात नको

पोरा, गिऱ्हाइकानं "केटलाना?" म्हणून विचारलं की खाली बघायचं नाही. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आपल्या लोकांची खोड अशी की किंमत सांगून होते न होते तोच आपणच म्हणतो, "बघा, तुम्हाला परवडेल तसं द्या." भाव तिथेच पडतो. खानवेल-दुधनीला फिरायला येणारा सुरतेचा, मुंबईचा माणूस वाईट नसतो. पण तूच आपलं चित्र स्वस्त केलंस, तर तो कशाला महाग करेल?

बाजाराचं पुढे सांगतो. आधी चित्राचं ऐक, कारण तिथे गडबड झाली तर विकण्याची कुठलीच युक्ती कामाला येत नाही.

तुझी आई लग्नात चौक लिहिते, ते तू लहानपणापासून बघतोस. सवाशिणी तांदळाचं पीठ कालवतात, गेरूनं सारवलेल्या कुडावर पालघट देवीचा चौक उभा राहतो, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्या चौकाचा भाव कुणी करत नाही, आणि पुढच्या सारवणात तो जातो, त्याची कुणी हळहळही करत नाही. म्हणजे चित्र विकायचं असतं ही गोष्टच आपल्या वारल्यांकडे तुझ्या आज्याच्या काळात आली. १९७०च्या आसपास भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामानं डहाणूकडच्या पाड्यांवर आले. त्यांनी कागद दिले, रंग दिले आणि भिंतीवरचं चित्र पहिल्यांदा गुंडाळून नेता येऊ लागलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांना तिथेच भेटले. चौक लिहिणं बायांचं काम, हा मात्र बाप्या माणूस रोज चित्र काढत बसलेला. १९७५ला मुंबईत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे पॅरिसपर्यंत चित्रं गेली, २०११ला पद्मश्री आली. २०१८ साली ते गेले.

पुरस्कार मी मोजून दाखवतोय ते तुला भूल पडावी म्हणून नाही. म्हसेबाबांची आई ते लहान असताना वारली. त्या धक्क्यानं पोराचं बोलणंच बंद झालं आणि ते मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगू लागलं. तेव्हा समोर गिऱ्हाईक नव्हतं, मंडळ नव्हतं, सरकार नव्हतं. पुढे त्यांनी मासेमारीच्या जाळ्याची चित्रं काढली, ती कधी नीट बघ. अख्ख्या कापडभर बारीक रेघांचं जाळं पसरलेलं असतं. त्याच्याकडे बघता बघता डोळ्यांपुढे पाणी हलायला लागतं. नुसत्या हाताच्या सफाईनं ते होत नाही. ज्यानं तासन् तास जाळं बघितलं आहे, त्यालाच तशी रेघ सुचते.

आता तुझं बघू. परवा तू दाखवलेल्या कापडावर तारपा होता, फेर होता, दोन ताडाची झाडं, एक बैलगाडी. सफाई चांगली आहे. पण ती बैलगाडी तू कुठे पाहिलीस? आपल्या खेरडीत आता किती राहिल्यात? ती तू छापील पिशवीवरून उचललीस, हे मला एका नजरेत कळलं, कारण तिच्या चाकाला जेवढे आरे त्या पिशवीवर होते तेवढेच तुझ्याकडे आहेत. फेरातली चूक त्याहून मोठी आहे. तुझे तीन नाचणारे तारपेवाल्याकडे पाठ करून उभे आहेत. आपल्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. शहरातल्या माणसाला हे कळणार नाही, खरं आहे. पण ज्याला कळतं तोच मोठं चित्र घेतो.

सकाळी सिल्वाशाला जाणारी कंपनीची बस तू रोज बघतोस. दारात लोंबकळणारी पोरं, डबे, पहिली पाळी सुटल्यावर परत येताना झोपेनं मान टाकलेल्या बाया. ते काढ. वारली चित्रात आगगाडी आणि विमान केव्हाच येऊन बसलेत, बसला कोण अडवणार? पहिल्या पावसात दिवा घेऊन खेकडे धरायला जाणारी माणसं काढ. राब भाजतानाचा धूर काढून बघ, पांढऱ्या रंगात धूर दाखवणं किती अवघड आहे ते कळेल. आवणीला वाकलेली बाई काढताना दोन त्रिकोणांची टोकं जिथे मिळतात, ती जागा गव्हाच्या दाण्याएवढी सरकव. वरचा त्रिकोण जरा पुढे गेला की कंबर दुखू लागल्यासारखी दिसते, मागे गेला की बाई नाचायला लागते. आपल्या चित्रातली सगळी जान त्या एका सांध्यात आहे. मला विचारशील तर महिनाभर दुसरं काही करू नकोस, नुसता तो सांधा गिरव. चित्र सुचत नाही असं पोरं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी चार-आठ दिवसांत कुणाकडे नीट बघितलेलंच नसतं.

आणि एक. पालघटीचा पुरा चौक, देवीसकट, हॉटेलच्या भिंतीला देऊ नकोस. लग्नातली वरात दे, नाच दे, मांडव दे. तो चौक मात्र लग्नाचा आहे. कुणी हट्टच धरला तर आधी आईला आणि पाड्यातल्या जाणत्या बायांना विचार. हे माझं मत आहे. सगळे पाळतात असं नाही.

आता सामानाचं. भिंतीवरचं पीठ कापडावर टिकत नाही. गुंडाळलं की पापुद्रे सुटतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला किडे लागतात ते वेगळंच. पांढरा ॲक्रिलिक घे. पोस्टर रंग घेतलास तर त्यात जरासा गोंद घाल, पण दमट हवेत तो पसरतो हे ध्यानात ठेव. कापड मांजरपाट, आधी धुऊन, खळ काढून. शेणाचा हात द्यायचा तर शेण दोनदा गाळ आणि कापड कडकडीत उन्हात वाळव. श्रावणात घाईनं वाळवलेलं कापड दिवाळीला बुरशी धरून परत येतं, आणि परत आलेलं एक चित्र दहा गिऱ्हाइकं तोडतं. बांबूची काडी ठेचून केलेली लेखणी मोठ्या रेघेला, बारीक कामाला बाजारचा ब्रश. त्यात कमीपणा नाही. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेव. सगळे उलटं करतात आणि मग आत सुरकुती पडून रंग तडकतो. मध्ये बटर पेपर आणि नळवाल्याकडचा जाड पाइप, एवढं असलं की चित्र वापीहून गाडीत घालून कुठेही जातं.

भावाचा हिशेब तोंडानं करायचा नाही, वहीत करायचा. दोन बाय तीन फुटांच्या कापडाला तुला सहा दिवस लागले. रोजची हजेरी ५०० धरली तर ३००० झाले. कापड, रंग, गेरू मिळून ३०० धर. म्हणजे ३३०० तुझ्या हातात यायलाच हवेत. आता दुकानदार ठेवून घेतो तिसरा हिस्सा, कुठे कुठे निम्मा. तिसरा हिस्सा धरला तर दुकानातली किंमत ५००० लागते, निम्मा धरला तर ६६००. दुकानात ५००० आणि आपल्या ओटीवर ३००० असं मात्र कधी करू नकोस. गिऱ्हाईक दोन्हीकडे फिरतं, आणि दुकानदाराला कळलं की तो तुझं चित्र पाठीमागच्या फळीवर टाकतो. हजेरी कमी धरून चित्र स्वस्त करणारा पोरगा दोन वर्षांत कंपनीच्या गेटवर उभा असतो. कंपनीला मी नावं ठेवत नाही, पण तिथे जायचंच असेल तर चित्राच्या नावानं उपाशी राहून कशाला जायचं?

ज्याला ५००० परवडत नाहीत त्याच्यासाठी चित्र छोटं कर. वीतभर कागदावर एक झाड, दोन माणसं, एक कोंबडी. दोन तासांचं काम, त्याच हिशेबानं भाव. छोटं म्हणजे घाईचं नव्हे, हे मात्र पक्कं धर. त्या कोंबडीच्या पायालाही नख दिसलं पाहिजे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मोठ्या चित्राचा भाव उतरवायचा नाही, छोटं चित्र पुढे सरकवायचं. माप, कापड, चौकट, माणसांची संख्या, यांत हवी तेवढी तडजोड कर. तुझं पाहणं आणि तुझी हजेरी, या दोन्हींना हात लावू द्यायचा नाही.

स्टॉलवर सगळ्यात मोठं चित्र मागे टांग. ते क्वचितच जातं, पण लोक त्याच्यापाशी थांबतात आणि खालची छोटी घेऊन जातात. चित्रात काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगायला शीक, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत. दोनच वाक्यं, पुराण नको. पाठीमागे नाव, खेरडी, तारीख आणि कशावर कशानं काढलं ते लिही. विकण्याआधी फोटो काढून ठेव. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण तिथे हॉल मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज टाकून विसरून जा आणि आपलं काम चालू ठेव.

रिसॉर्टवाले भिंत रंगवायला बोलावतील. तोंडी बोलण्यावर कधी जाऊ नकोस. मला एकानं भिंत पुरी झाल्यावर "साहेबांना लाल आवडला नाही" म्हणून निम्म्या पैशांवर वाटेला लावलं होतं. काम सुरू व्हायच्या आधी चौरस फुटाचा भाव, गेरूचा नमुना, परांची कोण बांधणार, राहण्या-जेवणाचं काय, हे सगळं कागदावर घ्यायचं. निम्मे पैसे आगाऊ. भिंतीला ओल असेल तर "आधी ओल काढा" म्हणून घरी परत यायचं. ओलीवर काढलेला रंग सुटतो आणि नाव तुझं जातं.

याहून मोठी गोष्ट कागदाचीच आहे, नीट ऐक. आपल्या मनानं काढलेलं चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला असं होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं तो हक्क तुझ्याकडेच राहतो, तू लिहून दिल्याशिवाय जात नाही. कुणी म्हणालं, "हे चादरीवर छापतो, डायरीवर छापतो," तर त्याचे पैसे वेगळे. किती वर्षांसाठी, कुठे कुठे, किती प्रती, हे लिहून घ्यायचं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हेही माहीत असू दे. पण दोन त्रिकोणांच्या माणसावर तुझीही मालकी नाही आणि माझीही नाही. पद्धत कुणाचीच नसते, तू काढलेलं ते एक चित्र तुझं असतं. वारली हे नाव राखायला २०१४ला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवता येतं. कारखान्यात छापलेल्या कपवाल्याला ते करता येत नाही, तुला येतं. मग करत का नाहीस?

छापून विकण्याचा मोह फार धरू नकोस, एवढंही सांगून ठेवतो. राजा रविवर्म्यासारख्या माणसानं १८९४ला मुंबईत छापखाना काढला. देवादिकांच्या तसबिरी घराघरांत पोचल्या, पण छापखाना कर्जात गेला आणि शेवटी विकावा लागला. छपाई हा वेगळा धंदा आहे. तो ज्याचा त्याला करू दे, तू आपला हक्काचा वाटा घे.

पैसे आले की आधी आईच्या हातात दे. तिच्याच हाताखाली तू पहिली रेघ ओढलीस. राहिलेल्यातून रंग आण, जुन्या रंगाच्या तळाशी पाणी घालून चालवू नकोस.

पाऊस सरला की प्रदर्शनांचे अर्ज निघायला लागतात. बहुतेक सरकारी मेळ्यांत विकास आयुक्त हस्तशिल्प यांचं पहचान कार्ड मागतात. आदिवासींचा माल विकणाऱ्या ट्रायफेडच्या दुकानांत माल द्यायचा तर जमातीचा दाखला लागतो. आधार, बँकेचं पासबुक, दाखला आणि फोटो एका पिशवीत घाल आणि येत्या सोमवारी सिल्वाशाला जाऊन चौकशी कर. नंतर जातो म्हणू नकोस.