जुन्या सिनेमांच्या जागांचे आजचे फोटो: यात धंदा आहे का?

मागच्या व्हिडिओनंतर सातारा भागातल्या आपल्या बॅचच्या एका ताईंचा फोन आला. वय सव्वीस, एका कंपनीत अकाउंटला नोकरी. म्हणाल्या, "सर, आयडिया पक्की झालीय. आपल्या वाईत एवढे सिनेमे झाले. ज्या जागी शूटिंग झालं तिथे जायचं, तसाच फोटो आज काढायचा, आणि तेव्हा-आता असे दोन फोटो शेजारी लावून विकायचे. कॅमेरा बघून ठेवलाय, दीड लाखाचा. आईच्या पाटल्या गहाण ठेवतेय सोमवारी."

मी म्हटलं, ताई, सोमवार एक आठवडा पुढे ढकला. रविवारी मेणवलीला या, फोन चार्ज करून. कॅमेरा नको.

आयडिया वाईट नव्हती. वाईकरांना सांगायला नको, 'गंगाजल'मधलं बिहारचं गाव इथलंच, 'ओमकारा' आणि 'दबंग'मधला उत्तर प्रदेशही इथलाच. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे वाईपासून तीनेक किलोमीटरवरची मेणवली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या घाटावर उभ्या असतात आणि त्यातले निम्मे लोक एकमेकांना विचारत असतात, "नक्की कुठे उभा होता रे तो?" गिऱ्हाईक प्रश्न विचारतंय आणि उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणजे तिथे कामाला जागा आहे. पण नेमकं विकायचं काय, इथे मी स्वतः एकदा आपटलोय. ते आधी सांगतो.

माझे अठरा हजार

माझं दुकान फोटो फ्रेम आणि गिफ्टचं. २०१९ साली मला वाटलं, टुरिस्ट येतात, तर सिनेमातली चित्रं छापून फ्रिज मॅग्नेट आणि छोट्या फ्रेम विकू. इंटरनेटवरून स्टिल उतरवली, हिरोचा चेहरा मोठा केला, तीनशे नग छापले. पहिल्या दोन आठवड्यांत चाळीस गेले. मग एक गिऱ्हाईक आलं. गृहस्थ वकील होते. फ्रेम हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "परवानगी कोणाची घेतली?" मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी दहा मिनिटं उभ्या उभ्या समजावलं आणि संध्याकाळी मी सगळा माल रॅकवरून काढला. अठरा हजार रुपये आजही पोटमाळ्यावर खोक्यात आहेत. बायको दर दिवाळीच्या साफसफाईला ते खोकं खाली काढून माझ्यासमोर ठेवते.

काय समजावलं ते तुम्हीही समजून घ्या, बीबीएच्या तीन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. 'स्वदेस' २००४ चा, म्हणजे २०६४ संपेपर्यंत त्याचं स्टिल निर्मात्याच्या परवानगीशिवाय विकायच्या मालावर छापता येत नाही. 'मंझिल' १९७९ चा, तो २०३९ पर्यंत. "जुना सिनेमा आहे, कोण विचारतंय" हे आपल्या मनाचं समाधान. आणि चेहऱ्याचा प्रश्न वेगळाच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांच्या अर्जावर अंतरिम आदेश दिला, की त्यांचं नाव, आवाज, चेहरा त्यांच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायचा नाही. म्हणजे सिनेमाचा हक्क संपला तरी नटाचा चेहरा मगवर छापायला तुम्ही मोकळे झालात असं धरून चालू नका.

आता चांगली बाजू. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये इमारतीचा फोटो काढायला आणि तो प्रसिद्ध करायला मोकळीक दिलेली आहे. तुम्ही आज घाटावर उभं राहून स्वतः काढलेला फोटो तुमचा. म्हणजे 'तेव्हा' दुसऱ्याचं आहे, 'आता' तुमचं आहे.

ताईंचा चेहरा पडला. "मग सर, शेजारी लावायला जुना फोटोच नाही, तर मजा काय?"

इथेच सगळी गंमत आहे. २०२३ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका ज्येष्ठ जोडप्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, तुम्हीही पाहिला असेल. 'मंझिल'मधलं पावसातलं गाणं जिथे जिथे चित्रित झालं, तिथे तिथे ते दोघं तसेच भिजत चालले. बघणाऱ्या कोणाला शेजारी अमिताभ-मौशुमी दाखवावे लागले नाहीत. गाणं लोकांच्या डोक्यात आधीच होतं. बंगळूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर रामनगर आहे, 'शोले'चं रामगढ तिथे उभं केलं होतं. तो सेट कधीच काढून टाकला, उरले ते खडक. त्या डोंगरावर आता गिधाडांचं अभयारण्य आहे. तरी लोक १९७५ चा सिनेमा आठवत येतात. 'तेव्हा'चा फोटो गिऱ्हाईक घरूनच घेऊन येतं मित्रांनो. त्याला हवी असते अचूक जागा, आणि त्या जागी उभं असलेलं आपलं माणूस.

मग जागा अचूक सापडते कशी?

हे आम्ही त्या रविवारी केलं. टॅबवर सिनेमा सुरू करून घाटाची एक फ्रेम थांबवली. हिरोकडे बघायचं नाही. न हलणाऱ्या गोष्टी शोधायच्या. झाडं फसवतात, वीस वर्षांत नवी येतात, जुनी जातात. विजेचे खांब, पाट्या, रंग, यावर विश्वास नको. देवळाचा कळस, दगडी पायऱ्यांची कड, मागच्या डोंगराची रेघ, हे आपले साक्षीदार.

जवळची एक आणि लांबची एक अशा दोन गोष्टी धरा. फ्रेममध्ये कळस डोंगराच्या खाचेच्या डावीकडे दिसतो, आणि तुम्हाला उजवीकडे दिसतोय? मग तुम्ही फार डावीकडे उभे आहात, उजवीकडे सरका. दोन्ही जुळेपर्यंत सरकत राहायचं. ताई तीन पावलं, दोन पावलं करत पायरीच्या टोकापर्यंत गेल्या आणि ओरडल्या, "सर, बसलं!" तो आवाज पैसे देऊन मिळत नाही.

आडवी जागा जुळली की पुढे-मागे. इथे नवशिके झूम करतात आणि चुकतात. झूमने चित्र मोठं होतं, पण जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही, ते फक्त चालून बदलतं. म्हणून आधी चाला, मग झूम. बहुतेक फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासची असते, ती खूप रुंद बघते. आम्हाला दुप्पट झूमवर फ्रेम जवळपास जुळली. उंचीही बघा. कॅमेरा कधी क्रेनवर असतो, कधी गुडघ्याएवढा खाली. आम्ही शेवटी पायरीवर मांडी घालून बसलो तेव्हा पाण्याची रेघ जुळली.

राहिली वेळ. फ्रेममधल्या सावल्या बघा, सकाळ की दुपार ते कळतं. नदीचं पाणी मात्र तुमच्या हातात नाही. वर धोम धरण आहे, पाणी वाढलं की खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. अशा दिवशी गिऱ्हाइकाला आधीच फोन करून सांगायचं.

कधी कधी जागाच गेलेली असते. 'छोटी सी बात'मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे दिसतं. ते २०१५ मध्ये बंद झालं. मला विचाराल तर अशी गेलेली जागा सांगायला जास्त मजा येते, लोक शांत होऊन ऐकतात.

पहिली एक जागा पक्की करायला आम्हाला पावणेदोन तास लागले. चार जागांना मिळून अकरा तास, तीन रविवार. हे अकरा तास म्हणजे तुमचा माल. स्टिल कोणीही डाऊनलोड करेल, पण "इथे, या पायरीवर, एवढं खाली बसा" हे सांगणारा कोणी नाही.

आता हिशोब

सहा जणांचा ग्रुप, माणशी ३५० रुपये. जमा २१००. रिक्षा ५००, चहा १२०, प्रत्येकाला त्याच जागी काढलेल्या त्याच्या फोटोची एक प्रिंट १८ रुपयांप्रमाणे १०८. हातात राहिले १३७२. ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरले तर कामाचे वीसेक रविवार. दर रविवारी एक ग्रुप मिळाला तरी सीझनचे २७,४४०.

यावर घर चालत नाही. दीड लाखाचा कॅमेरा घेतला असता तर पाच सीझनहून जास्त काळ फक्त तो फेडण्यात गेला असता, व्याज वेगळं. ज्याचं आधीच काही चालू आहे, फोटो स्टुडिओ, होम-स्टे, रिक्षा, नाश्त्याचं हॉटेल, त्याला हे जोडकाम म्हणून उत्तम. एकट्याच्या जोरावर नोकरी सोडून करायचं काम हे नाही, निदान आज नाही. मी ताईंना हे तोंडावर सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

आणि गावाचा मान ठेवा. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे, आत फोटो काढायचे तर विचारूनच. घाटावर बायका धुणं धुतात, लोक विधी करतात, त्यांना 'बाजूला व्हा' म्हणायचं नाही, आपण थांबायचं. घाटावरच्या घंटेची गोष्ट नक्की सांगा. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधून आलेली ही घंटा. सिनेमा बघायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा या घंटेपाशीच जास्त रेंगाळतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. ड्रोनचे नियम वेगळे आहेत, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू.

तिसऱ्या रविवारची एक गोष्ट. आम्ही टॅब घेऊन पायरीवर बसलेलो, तर एक आजी धुण्याची बादली ठेवून मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्यात आमचं मालक दिसत्यात का बघ की बाळा. शूटिंगला उभं केलं हुतं त्यास्नी, पांढऱ्या पागुट्यात." त्यांनी दुसऱ्याच एका सिनेमाचं नाव सांगितलं. ताईंनी तो फोनवर शोधला, गर्दीचा सीन एकेक सेकंद पुढे सरकवत गेल्या. कडेला, अर्धा खांदा फ्रेमच्या बाहेर, एक पागोटं दिसलं. आजींनी फोन हातात घेतला नाही. लांबूनच बघत होत्या. "हेच," म्हणाल्या. मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि घरात त्यांचा एकच फोटो, रेशनकार्डावरचा.

मी दुकानात जाऊन त्या फ्रेमची एक प्रिंट काढली आणि पैसे न घेता दिली. एका माणसाच्या घरगुती वापराची एक प्रत ही वेगळी गोष्ट आणि तीनशे मॅग्नेट वेगळी. हा फरक ताईंना मी वेगळा समजावला नाही. त्यांनी स्वतःहून आजींना त्याच कडेला, त्याच अंतरावर उभं केलं आणि फोनवर एक फोटो काढला. आजींच्या घरी आता दोन्ही फ्रेम भिंतीवर आहेत.

पाटल्या घरातच आहेत. ताई नोकरी करतात आणि महिन्यातून दोन रविवार ग्रुप घेतात. मागच्या महिन्यात एका होम-स्टेवाल्यांनी त्यांना पाहुण्यांसाठी कायमचं सांगून ठेवलं, माणशी चारशेने.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या तालुक्यात शूट झालेल्या सिनेमातली किंवा मालिकेतली एक फ्रेम निवडा, न हलणाऱ्या दोन गोष्टी वहीत लिहा, जागेवर जा आणि जुळवा. किती वेळ लागला तो मिनिटांत लिहून ठेवा, पुढच्या व्हिडिओत दर ठरवताना आपल्याला तोच आकडा लागणार आहे. सकाळी लवकर जा, दहानंतर गर्दी होते.