काच अर्ध्यावर अडकली? मशीन बदलण्याआधी एवढं तपासा

अकलूज परिसरात एमएच १३ आणि एमएच ४५ पासिंगच्या जुन्या स्विफ्ट, वॅगन आर, इंडिका, स्कॉर्पिओ अजून रोज धावतात. इंजिन ठणठणीत असतं, पण एखाद्या दाराची काच हट्टाला पेटते. गाडी गॅरेजला नेली की बहुतेकदा पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘मशीन गेली, बदलावी लागेल.’ मशीन म्हणजे काच वर-खाली करणारा रेग्युलेटर, आणि बऱ्याचदा त्यालाच जोडलेली मोटर. खर्च दोन ते पाच हजार. लगेच हो म्हणू नका. काच अडण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि त्यातली निम्मी पाचशे रुपयांच्या आत मिटतात.

पहिली तपासणी फुकट आहे, ती घरीच करा. अंधार पडल्यावर इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा, आतला दिवा लावा आणि बिघडलेल्या काचेचं बटण दाबून दिव्याकडे बघा. दिवा किंचित मंद झाला, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय. म्हणजे मोटर जाम आहे किंवा काच रबरात अडकली आहे. दिव्यात काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा फ्यूज, स्विच किंवा वायरमध्ये आहे. आणि दारातून घर्रर्र आवाज येतो पण काच जागची हलत नाही, तर आतली तार तुटली आहे किंवा काच धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप. मशीन बदलायची वेळ खरी येते ती बहुधा या शेवटच्या प्रकारात.

चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर फ्यूज बघा. दहा-वीस रुपयांचा असतो. जेवढ्या अँपिअरचा निघाला तेवढ्याचाच घाला. मोठा घालून काम भागवलं तर पुढे वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे, तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनकडे जा. फक्त ड्रायव्हरची काच चालते आणि बाकीच्या बंद आहेत, तर ड्रायव्हरच्या दारावरचं काचांचं लॉक बटण दाबलं गेलंय का ते आधी पाहा. मुलं मागे बसली की ते हमखास दाबलेलं असतं, आणि सुरक्षिततेसाठी ते तसंच हवंही.

आता स्विचबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. काच वर नेणारी आणि खाली आणणारी मोटर एकच असते, फक्त करंटची दिशा उलटते. त्यामुळे काच खाली जाते, पण वर आणायला बटण दाबलं की काहीच आवाज येत नाही, तर मोटर जिवंत आहे. दोष जवळपास नक्की स्विचमध्ये. मागची काच तिच्या दारावरच्या बटणाने चालत नाही पण ड्रायव्हरकडून चालते, तर त्या दाराचं बटण खराब. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या दारांचा करंट ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून फिरून जातो, म्हणून दोष पुढे आणि काच बंद मागची, असंही होतं. मागच्या दोन दारांची बटणं सारखी असली, तर अदलाबदल करून बघायला एक पैसा लागत नाही. स्विच उघडला की तांब्याच्या पट्ट्यांवर काळी काजळी दिसते. ती साफ करून द्यायचे इलेक्ट्रिशियन दीडशे ते तीनशे रुपये घेतो.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी. दार हजारो वेळा उघडून-मिटून आतली वायर तुटते. बटण दाबून ठेवा आणि दार सावकाश पुढे-मागे करा. मधेच काच हलली, तर वायर तिथेच तुटली आहे. जोडणीचे दोनशे ते चारशे.

आपल्या भागात काच जड चालण्याचं मोठं कारण मात्र धूळ. गळीत हंगामात शंकरनगर, माळीनगरच्या रस्त्यांवर ऊसवाहतुकीचा धुरळा, उन्हाळ्यात ४० अंशांपुढचं ऊन. काचेच्या खाचेतलं रबर कडक होतं आणि त्यात माती बसते. काच खाली करा, पातळ ओलं फडकं खाचेत फिरवा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. डबा दोनशे ते चारशेला मिळतो आणि चारही दारांना पुरून उरतो. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका. त्यावर धूळ चिकटते आणि रबरही फुगतं. काच जड चालत असताना बटण रेटत राहिलात तर मोटर तापून थोडा वेळ बंद पडते. ती गेली असं समजू नका, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा.

भाग बदलायचाच असेल तर छोट्या गाड्यांसाठी अंदाजे भाव असे. लोकल मास्टर स्विच सहाशे ते दीड हजार, कंपनीचा दीड ते साडेतीन हजार. मोटरसह लोकल मशीन हजार ते दोन हजार, कंपनीची अडीच ते पाच हजार. दाराचं रबर अडीचशे ते सातशे, मजुरी दोनशे ते पाचशे. मॉडेलनुसार फरक पडतो, म्हणून दोन दुकानांत विचारा. स्विच कंपनीचाच घ्या; लोकल स्विचचे पॉइंट लवकर जळतात. स्वस्तात मिळेल म्हणून पुण्याच्या नाना पेठेत गाडी घेऊन जाऊ नका. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतात, दोन हजारांचं इंधन जातं. जुन्या भागाचा फोटो आणि नंबर पाठवून पार्सलने मागवा.

काम चालू असताना जवळ उभे राहा. दाराचं पॅड काढल्यावर आत प्लास्टिकची शीट चिकटवलेली असते. ती परत नीट लावायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात गाडीच्या मॅटखाली पाणी साचतं. तुटलेल्या क्लिपा नव्या घालून घ्या, पाच-दहा रुपयांना एक मिळते.

बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि पाकिटावरच्या एमआरपीत तो धरलेलाच असतो. वेगळा लावला तर देऊ नका. काढलेला जुना भाग परत मागून घ्या, तो तुमचाच आहे. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि तपासणीचे शंभर-दोनशे रुपये वेगळे मागणारा इलेक्ट्रिशियन भेटला, तर घासाघीस न करता ते द्या. आधी दोष शोधून मग भाग सांगणाऱ्या माणसाकडेच गाडी न्या.