'हूज' : एक छोटा पण खट्याळ शब्द

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी हमखास भेटते : 'द बॉय हू हिज सायकल वॉज स्टोलन वेन्ट टु द पोलीस.' अर्थ कळतो. म्हणूनच गुण का कापले हे विद्यार्थ्याला उमगत नाही. येथे हवे होते 'द बॉय हूज सायकल वॉज स्टोलन'.

ही चूक येते कोठून? माझ्या मते आपल्या बोलण्यातून. लिहिताना आपण 'ज्या मुलाची सायकल चोरीला गेली तो' असे लिहू. पण बोलताना 'तो मुलगा नाही का, त्याची सायकल चोरीला गेली' असेच म्हणतो. हा 'त्याची' इंग्रजीत 'हिज' होऊन उतरतो. आपल्या कानडी मित्राची अडचण निराळी. तो 'सैकल् कळुवाद हुडुग' म्हणून मोकळा होतो. संबंधी सर्वनामाची त्याला तेथे गरजच पडत नाही. वास्तविक ओझे मराठीचेच अधिक : ज्याचा, ज्याची, ज्याचे, जिचा, ज्यांच्या. मालक आणि वस्तू, दोघांचेही लिंगवचन सांभाळा! इंग्रजीत या सर्वांना मिळून एकच 'हूज'. मात्र त्याच्या लगेच पुढे 'हिज', 'हर', 'देअर' येत नाही, आणि 'द' तर नाहीच नाही.

'ज्या शेतकऱ्याच्या शेतात आम्ही तंबू ठोकला' यातला 'त' शेताला चिकटून शेवटी येतो. इंग्रजीतला 'इन' उडी मारून 'हूज'च्याही आधी बसतो : 'द फार्मर इन हूज फील्ड वी कॅम्प्ड'. तो वाक्याच्या शेवटी ठेवला तरी चालेल. पण मग त्याच्यामागे 'इट' जोडू नये.

'हूज' फक्त माणसांसाठी, निर्जीवांसाठी 'ऑफ विच', असे अनेकांना शाळेत शिकवलेले असते. 'द हाउस द रूफ ऑफ विच फेल' हे शुद्ध खरे, पण वाचताना ठेच लागते. 'द हाउस हूज रूफ फेल' तितकेच शुद्ध आहे. मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट'च्या (१६६७) आरंभीच मनुष्येतर वस्तूसाठी 'हूज' वापरला आहे, आणि फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात या वापराची बाजू घेतली आहे. एवढे वकील पुरेत.

खरा धोका स्वल्पविरामाचा. समजा, फलकावर नोटीस लागली : 'स्टुडन्ट्स हूज फीज आर अनपेड विल नॉट बी अलाउड टु सिट फॉर द एक्झामिनेशन.' म्हणजे ज्यांची फी थकली त्यांनाच मज्जाव. आता 'हूज'च्या आधी आणि 'अनपेड'च्या नंतर एकेक स्वल्पविराम द्या. अर्थ होतो : सर्वच विद्यार्थ्यांची फी थकली आहे, आणि कोणालाच बसता येणार नाही! फी भरलेल्याने भांडायला जावे आणि कारकुनाने स्वल्पविरामाकडे बोट दाखवावे. उलट 'माय फादर' यासारख्या एकमेव व्यक्तीनंतर हे विराम हवेतच. वडील कोणते, हे 'हूज'ने ठरवायचे नसते.

राहता राहिले स्पेलिंग. 'हू इज'चा संक्षेप उच्चारात अगदी 'हूज'सारखाच. त्यात एसच्या आधी वर लोंबणारे चिन्ह असते. संशय आल्यास त्या जागी 'हू इज' किंवा 'हू हॅज' वाचून पाहावे. वाक्य बसले तर चिन्ह द्यावे, अडखळले तर शेवटी ई लावून सरळ पाच अक्षरे लिहावीत.