बॅटरी बदलण्याआधी आवाज वाचवा

कीबोर्डवर एखादा आवाज मनासारखा जमला, नाव देऊन सेव्ह केला, की तो आता कायमचा आपला झाला असं बहुतेक वादक धरून चालतात. जुन्या सिंथेसायझरमध्ये तो आवाज नाण्याएवढ्या एका बॅटरीच्या जिवावर टिकतो. नव्या कीबोर्डमध्ये बॅटरीची भीती नाही, पण दुसऱ्याचा सेट लोड झाला की तिथूनही तो जाऊ शकतो.

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ज्येष्ठ वादकांकडे, आम्ही त्यांना दादाच म्हणायचो, यामाहाचा डीएक्स-७ होता. हे मॉडेल १९८३चं. त्याच्या आतल्या मेमरीत ३२ आवाज राहतात. त्यांतले कित्येक दादांनी स्वतः घडवले होते. सहा ऑपरेटरांचे आकडे रात्र रात्र बदलत त्यांनी लग्नातली सनई उभी केली होती. फुंकर सुरू होतानाची किंचित खरखरही तिच्यात होती.

दादा गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी वाद्य माझ्याकडे दिलं. काही पट्ट्या अडकत होत्या म्हणून ते दुरुस्तीला गेलं. कारागिराने उघडल्यावर जुनी बॅटरी पाहिली आणि चांगल्या हेतूनेच बदलून टाकली. डीएक्स-७ मध्ये ती सोल्डर केलेली असते. वाद्य बंद असताना ती काढली की मेमरी रिकामी होते. पट्ट्या सुरेख चालू लागल्या, पण पडद्यावर आवाजांच्या नावांऐवजी अर्थहीन अक्षरं आली. पेटीत एक रॅम कार्ट्रिज होती, तिच्यावर आशा होती. पण तिच्यातही स्वतःची बॅटरी असते, आणि ती केव्हाच संपली होती. कंपनीचे मूळ आवाज मिळाले, परत भरता आले. सनई मात्र गेली.

म्हणून वाद्य दुसऱ्याच्या हाती देण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज पाहा. डीएक्स-७ वर फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण दाबलं की बॅटरीचा आकडा दिसतो. बॅटरी धड असेल तर तो ३ व्होल्टच्या आसपास असतो. तो उतरलेला दिसला तर त्याच दिवशी आवाज बाहेर काढा. वाद्याचं मिडी आउट इंटरफेसमार्फत कॉम्प्युटरला जोडा. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन हे काम करतात. फंक्शन ८ मध्ये सिस्टिम इन्फो उपलब्ध करून घेतल्याशिवाय वाद्य आवाजांचा डेटा पाठवत नाही. इथे पुष्कळजण अडतात आणि केबलला दोष देतात. केबलही दोषी असू शकते म्हणा. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबल नोट्स नीट पोचवतात, पण एवढा लांब डेटा मध्येच तोडतात. ३२ आवाजांची पूर्ण फाइल ४१०४ बाइटची असते. एक बाइटही कमी भरला तर ती फाइल टाकून द्या आणि पुन्हा पाठवा.

आकार बरोबर आला तरी थांबू नका. ती फाइल डेक्स्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि एकेक आवाज वाजवून ऐका. तपासणीसाठी ती लगेच वाद्यातच परत भरू नका, कारण भरताना आतले बत्तीसच्या बत्तीस आवाज बदलतात. शिवाय या जुन्या मॉडेलमध्ये पिच बेंडची मर्यादा आवाजाबरोबर साठत नाही. सनईची मींड किती सुरांची ठेवली होती ते वहीत लिहून ठेवा.

आता कोर्गच्या पीए मालिकेसारखे कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी. पेन ड्राइव्हवरून कुणाचा तरी विकत घेतलेला पूर्ण सेट लोड केला, की यूजर बँकेत त्याच जागांवर असलेले तुमचे टोन पुसले जातात. सेटच्या फोल्डरमध्ये आत जाऊन हवा तेवढाच टोन रिकाम्या जागेवर घेता येतो, तसाच घ्या. परफॉर्मन्समध्ये टोनची प्रत नसते, फक्त बँक आणि नंबर असतो. त्या नंबरावर दुसरा टोन आला की गाण्याच्या मध्यात बासरीच्या जागी भलतंच वाजतं. कोर्गच्या एम-१ पासून कॉम्बिनेशन याच पद्धतीने चालत आली आहेत. त्यामुळे टोन आणि परफॉर्मन्स नेहमी एकत्रच सेव्ह करा, वेगवेगळ्या दिवशी नाही.

गणपतीच्या तारखा लागायच्या आत हे उरकून घ्या. तुमच्या गटात एखाद्या ज्येष्ठ वादकाचं जुनं वाद्य असेल तर त्यांच्या शेजारी बसून त्यांचे आवाज उतरवून घ्या, कुठला आवाज कोणत्या गाण्यासाठी आहे ते त्यांनाच विचारा, आणि फाइलची एक प्रत त्यांच्या घरीही ठेवा.