डिमेन्शियाच्या रुग्णासाठी केंद्र बघायचं तर संध्याकाळी जा

औंढा तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. ‘मामांना आता घरी सांभाळणं होत नाही. रात्री कडी काढून बाहेर पडतात. दोनदा नागनाथाच्या मंदिराजवळ सापडले. श्रावणी सोमवारच्या गर्दीत तर दुपार गेली तरी पत्ता नव्हता. मला ओळखत नाहीत, ह्यांना कधी भाऊ समजतात, कधी अंगावर धावून जातात. एखाद्या चांगल्या केंद्रात ठेवावं असं ह्यांच्या मनात आहे. डॉक्टर, चांगलं केंद्र कसं ओळखायचं? आणि लोक काय म्हणतील?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच्यापायीच अनेक घरं पहिल्या प्रश्नापर्यंत पोचत नाहीत. ज्या लोकांच्या बोलण्याची धास्ती वाटते, त्यांतलं कुणी रात्री दोन वाजता मामांचं ओलं धोतर बदलायला येणार नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा ठरवला आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नीट चौकशी करून, खर्च उचलून, येत-जात राहून आजारी माणसाची सोय लावणं म्हणजे त्याला सोडून देणं नव्हे. आणि हे दुखणं तुमच्या एकट्याच्या घरातलंही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभर भारतीयांमागे सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळलं.

केंद्र बघायला निघण्याआधी निदान पक्कं आहे ना, तेवढं पाहा. ‘वय झालं, व्हायचंच’ म्हणून कुणी तपासलंच नाही, असे रुग्ण फार असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणं, खोलवरचं नैराश्य यांनीही विसरभोळेपणा येतो आणि उपचारांनी तो सुधारू शकतो. महिन्याभरापूर्वी पडून डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. ते स्कॅनमध्ये दिसतं आणि शस्त्रक्रियेने काढता येतं. दोन-चार दिवसांत एकाएकी भ्रम वाढला असेल, तर लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम कमी होणं ही कारणं आधी शोधावी लागतात. सर्दी-खाजेवरच्या, गुंगी आणणाऱ्या साध्या गोळ्यांनीही म्हातारं डोकं बिघडतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कुठेही जा, पण दाखवा.

आता केंद्राचं. वृद्धाश्रम आणि डिमेन्शियाचं केंद्र यांत बराच फरक आहे. बऱ्याच वृद्धाश्रमांत ‘स्वतःचं स्वतः करता येणाऱ्यांनाच प्रवेश’ असतो. डिमेन्शिया लपवून तिथे ठेवलं, तर काही दिवसांत ‘घेऊन जा’ असा फोन येतो आणि तोवर माणसाचे हाल झालेले असतात. खास डिमेन्शियासाठीची केंद्रं आपल्या राज्यात प्रामुख्याने पुण्या-मुंबईकडे आहेत. औंढ्याहून तो रात्रभराचा प्रवास. एखाद्या घरातला तिकडे राहणारा मुलगा सांगतो, ‘माझ्या घराजवळच ठेवू.’ तसं जमत असेल तर उत्तमच, कारण दर आठवड्याला कुणीतरी डोकावणारं हवं आणि ते अवचित डोकावणारं हवं. मुलगा कामानिमित्त नेहमी बाहेर असेल, तर मात्र नांदेड-परभणीकडची साधी पण नजरेच्या टप्प्यातली सोय मला लांबच्या झगमगीत केंद्रापेक्षा बरी वाटते.

लांब जाताना भाषेचाही विचार करा. या आजारात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि आईच्या तोंडून ऐकलेली टिकते. तांड्यावरची आजी गोरमाटीवर येते, एखादे चाचा फक्त दखनीत बोलू लागतात. सांभाळणाऱ्या मुलीला त्यातलं काहीच कळत नसेल, तर ‘पाणी दे’ हेसुद्धा बडबड ठरतं. म्हणून रुग्णाचं बोलणं समजणारं कुणी कामावर आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारा.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी सगळीच केंद्रं चांगली दिसतात. फरशी पुसलेली, माणसं न्हाऊन बसलेली, कार्यालयात चहा. डिमेन्शियाच्या रुग्णांची अवघड वेळ दिवस कलायला लागला की सुरू होते. अंधारून आलं की जीव घाबरा होतो, माणूस येरझाऱ्या घालतो, दार शोधतो, रडतो, चिडतो. म्हणून पाचच्या सुमारास जा आणि जेवणं उरकेपर्यंत थांबा. थांबू देत नसतील तर तिथेच समजा.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक बाबा उठतात. ‘मला जाऊ द्या, बैल सोडायचेत.’ एक मदतनीस लांबूनच ओरडतो, ‘बसा खाली, कुठले बैल?’ दुसरा समोरून येतो, डोळ्याला डोळा देतो, हात हातात घेतो आणि म्हणतो, ‘किती बैल हो बाबा तुमचे? चला, बघत बघत जाऊ.’ दोन फेऱ्या मारून बाबा स्वतःच बसतात. मी केंद्राची पारख याच एका गोष्टीवरून करतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहिला असेल, तर त्यातली माहुताची बायको आठवा. हत्तीमागे चालत आलेल्या त्या विद्वान म्हाताऱ्याला कोणता आजार आहे, हे तिला ठाऊक नसतं, तरी ती त्याला लेकरासारखं सांभाळते. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांची ती कामं प्रत्येक केंद्रातल्या मदतनिसांना दाखवावीत असं मला मनापासून वाटतं.

रात्री किती रुग्णांमागे किती मदतनीस जागे असतात, हे विचारा. ‘दोघं झोपायला असतात’ हे उत्तर चालणार नाही. रात्रीच्या मदतनिसांना भेटवा म्हणावं. किती दिवसांपासून काम करताय, हे त्यांनाच विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील, तर रुग्णाला रोज परक्याच्या हातून अंघोळ घालून घ्यावी लागते, आणि मग तो मारायला धावला की दोष त्याच्यावर येतो.

बांधून ठेवतात का, हे तोंडी विचारून कळत नाही. मनगटं पाहा, घोटे पाहा. खुर्चीपुढे अडकवलेली फळी, कमरेभोवती गुंडाळलेली साडी किंवा चादर, बाहेरून लावलेली खोलीची कडी, हे सगळं बांधणंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे नेमकं लिहिलं आहे: तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच उरला नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, अगदी गरजेपुरता वेळ आणि नोंद करून. माणसं कमी पडतात म्हणून बांधता येत नाही, हेही त्यातच आहे. साखळी आणि एकट्याला कोंडून ठेवणं तर कोणत्याही कारणाने नाही.

गोळ्यांनी बांधणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची मला जास्त भीती वाटते. संध्याकाळी सात वाजता सगळेच्या सगळे रुग्ण मान टाकून पेंगत असतील, तर त्या शांततेवर भाळू नका. चिडचिड आवरायला रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधं देतात. डिमेन्शियाच्या वृद्धांत या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने नव्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्यांवर २००८ मध्ये छापायला लावला. कधीकधी ती लागतात, मीही लिहून देतो. पण थोडी, थोड्या दिवसांसाठी आणि पुन्हा तपासून. तेव्हा फाइल मागा. कोणत्या डॉक्टरने, कधी सुरू केली, परत कधी बघितलं? ‘आमचा कंपाउंडर बघतो’ असं कानावर आलं तर उठा.

एक जेवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. भाकरी वरणात कुस्करून मऊ केली का? माणसाला ताठ बसवलं का? पहिला घास गिळून झाल्यावरच दुसरा देतात का? आजार वाढत गेला की गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जातो आणि त्याचा न्यूमोनिया होतो. या आजारातले कितीतरी मृत्यू असेच होतात. आडवं झोपवून घाईघाईने पेज ओतणारा हात दिसला, तर बाकी काही विचारायची गरज नाही. जेवल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवतात का, हेही बघा. आणि वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन घेणारं केंद्र आपल्या माणसांकडे बघतंय, असं समजायला हरकत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या रुग्णाच्या टाचा आणि माकडहाड कसं आहे, जखमा आहेत का, दर दोन तासांनी कूस बदलतात का, हे मोकळेपणी विचारा. नखं, तोंडाचा वास, चष्म्याची काच, कानातलं यंत्र चालू की बंद, यांवरून रोजची देखभाल कळते. संडासात आधाराला दांडी, ओली न राहणारी फरशी, रात्री मंद दिवा, फिरायला बंदिस्त अंगण, एवढं असलं की इमारत पुरे. संगमरवराचे पैसे देऊ नका.

आता एक गोष्ट जी बघायची कुणाला सुचत नाही. बायकांच्या डोक्याकडे पाहा. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचे गाऊन, असं दिसलं तर समजा की तिथे सोय मदतनिसांची बघितली जाते. आयुष्यभर लुगडं नेसलेल्या, डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या बाईला गाऊन घातला की ती दिवसभर अंग झाकायला काहीतरी ओढत राहते, आणि वहीत नोंद होते ‘रुग्ण कपडे काढते’. गळ्यातली तुळशीची माळ ‘हरवेल’ म्हणून काढून ठेवतात. वारकरी म्हातारा ती चाचपत रात्र काढतो. सक्तीने डोकं भादरायचं नाही आणि इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, हा हक्कसुद्धा त्याच २०१७ च्या कायद्याने दिला आहे. तो बिनदिक्कत सांगा. हरिपाठ, भजन होतं का, हेही विचारा. नर्सी जवळ असलेल्या आपल्या भागात नामदेवांचे अभंग कानावर पडत मोठी झालेली माणसं मुलाचं नाव विसरतात, पण टाळ वाजला की ओळ धरतात. गाणं फार उशिरापर्यंत टिकतं.

कागदोपत्री दोन-तीन गोष्टी. मानसिक आजाराचे रुग्ण जिथे राहतात, अशा संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि २०१७ च्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती बिघडणंही येतं. तेव्हा प्रमाणपत्र बघायला मागा. धर्मादाय नोंदणी दाखवली तर ती वेगळी. अनामत किती, परत कधी, डायपर-औषधं-रुग्णवाहिका यांचे पैसे वेगळे का, कोणत्या अवस्थेत ‘घेऊन जा’ म्हणणार, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात नेणार, हे लेखी घ्या. ‘नातेवाइकांनी ठरल्या वेळीच भेटावं’ अशी अट असेल तर सही करू नका.

सोडायला जाताना मामांची माहिती एका कागदावर लिहून द्या: त्यांना काय म्हणून हाक मारायची, किती वाजता उठायची सवय, चहात साखर किती, तंबाखू कधी सुटली, कशाची भीती, कोणत्या गोष्टीने राग येतो, बैलांची नावं. पांघरूण घरचंच द्या. पहिले काही आठवडे ते ‘घरी चला’ म्हणतील, रडतील. त्यावरून लगेच निकाल लावू नका. वजन उतरलं, अंगावर वळ दिसले, चालणारा माणूस महिन्यात बसता झाला, किंवा मदतनीस जवळ आला की ते अंग चोरू लागले, तर मात्र वाट बघू नका, घेऊन या. तक्रार किंवा सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. तुमचीच झोप उडाली असेल, मन थकलं असेल, तर १४४१६ वर टेलि-मानस आहे. तिथे सूनबाईंनी स्वतःसाठीही बोलावं.

आणि सूनबाई, कायमचा निर्णय आजच घ्यायला हवा असं नाही. अनेक केंद्रं थोड्या मुदतीसाठीही ठेवून घेतात. तुमच्याकडे हळद निघाली की घरात सगळे शेतात, शिजवायची कढई पेटलेली आणि मामा मोकळे, हा सगळ्यात धोक्याचा काळ. तेवढे आठवडे त्यांना ठेवून बघा. मधे दोन-तीनदा न सांगता संध्याकाळी जा. येताना त्यांचं वजन लिहून आणा आणि फाइल घेऊन मला भेटा. पुढचं तेव्हा ठरवू.